कंबरेवरचं पाणी

मास्तरांनी बाकाच्या डोक्याशी उभं राहून वजनांच्या बारखाली दोन्ही हात धरले, आणि नेमक्या त्याच वेळी डिरेक्टरबाई म्हणाल्या, "मास्तर, तुमचं पोट येतंय."

"कुठे?"

"फ्रेममध्ये."

मास्तरांनी पोट आत ओढलं. तसं ते फार नव्हतं. त्यांच्या वयाच्या इतर माणसांची पोटं पाहता त्याला पोट म्हणणं हा एक प्रकारचा अन्यायच होता.

"अजून येतंय," कॅमेरामन म्हणाला. हा गृहस्थ दिवसभरात एवढंच बोलायचा, आणि बहुतेक वेळा मास्तरांच्या कुठल्या ना कुठल्या अवयवाबद्दल बोलायचा.

शेवटी मास्तर मागे सरकले आणि नुसते हात लांब करून उभे राहिले. दुसऱ्याचं मूल जरा धरा म्हटलं की माणूस उभा राहतो, तसे. बाकावर आडव्या पडलेल्या बारक्याने बार उचलला, छातीला टेकवला, वर ढकलला. कॅमेरा त्याच्या छातीवरून सावकाश खांद्याकडे गेला, खांद्यावरून दंडाकडे. डिरेक्टरबाईंच्या तोंडून अगदी हळू "वा" निघालं. बार जागेवर ठेवून बारक्या उठून बसला.

"दादा, कसा गेला?"

"शेवटी कोपर पळालं," मास्तर म्हणाले.

कोपर पळालं होतं हे खरं. पण ते दिसायला मास्तरच लागत.

बारक्या हा मास्तरांचा धाकटा भाऊ. लहानपणी नुसती काडी होता, तेव्हा पडलेलं नाव. आता दारातून आत यायला त्याला खांदे तिरके करावे लागत, पण नाव बदलायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. जिम तळघरात होती आणि तिच्या बरोबर वर दातांचा दवाखाना होता. त्यामुळे कण्हण्याचा आवाज नेमका कुठून येतोय, हे जिन्यावर उभं राहून सांगता येत नसे.

शरीरसौष्ठव स्पर्धांच्या दुनियेवर माहितीपट करायचा म्हणून डिरेक्टरबाई या तळघरात प्रथम उतरल्या, तेव्हा त्या मास्तरांनाच भेटायला आल्या होत्या. हे मास्तर कोणी न विचारताही सांगत. त्या दिवसासाठी त्यांनी मिशा काळ्या केल्या होत्या. बाईंनी खुर्ची मांडली, दिवा लावला, आणि मास्तर आपल्या काळाबद्दल बोलू लागले. तेव्हा पावडरी नव्हत्या, उकडलेली अंडी होती. अंगाला लावायला रंग नव्हता, तेल होतं. आणि मोठ्या स्पर्धेत आपण दुसरे आलो ते कसं. 'पहिल्या आलेल्याचं नाव आज कोणाला आठवतंय' या वाक्याच्या मध्यावर ते होते, तेवढ्यात बारक्या मागून आला आणि त्याने रोजच्यासारखा शर्ट काढला. कॅमेरा वळला. कॅमेरामनने तो वळवला असंही म्हणता येणार नाही. सूर्यफूल वळतं तसा तो वळला. मास्तरांनी वाक्य पुरं केलं, पण ते कॅमेऱ्याच्या पाठीला ऐकवून.

त्यानंतर माहितीपट बारक्याचा झाला.

मास्तरांना मत्सर वगैरे वाटत नव्हता. मत्सर करायला माणूस बरोबरीचा लागतो, आणि धाकट्या भावाला बरोबरीचा मानणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांना राग यायचा तो फक्त पोटऱ्यांचा. बाकीचं शरीर घाम गाळून कमावता येतं, पोटऱ्या मात्र बऱ्याचशा जन्माबरोबर येतात. मास्तरांना त्या वडिलांकडून आल्या होत्या, आणि वडील टाइपरायटर दुरुस्त करायचे. त्या मोठ्या स्पर्धेत परीक्षकांची नजर मास्तरांच्या खांद्यावरून खूश होत होत खाली आली, गुडघ्याखाली पोचली, आणि तिथे मास्तर दुसरे झाले. बारक्याला पोटऱ्या आईकडून मिळाल्या. भरलेल्या, रेखीव, कोणीतरी बसून घडवल्यासारख्या. त्यांच्यासाठी त्याने काडीचा व्यायाम केला नव्हता. तो नुसता टाचा उचलून वरच्या फळीवरचा टॉवेल काढायचा आणि कॅमेरामन गुडघे टेकून खाली बसायचा. मास्तर भर उन्हाळ्यातही घोट्यापर्यंतची ट्रॅकपँट घालत.

पण एक गोष्ट अशी होती, की जी बारक्याकडे नव्हती आणि दुसऱ्या कोणाकडेही नव्हती. मास्तरांची नजर. जिममध्ये आलेल्याला ते दारातच सांगत, "काल वेफर्स खाल्लेस." आणि खाल्लेले असत. स्पर्धा जवळ आली की माणसाचं मीठ बंद होतं, मग पाणी घोटाघोटावर येतं, आणि कातडी आतल्या स्नायूंवर घट्ट बसत जाते. कंबरेच्या वरची जागा सगळ्यात शेवटी सुकते. तिथे मणक्याच्या दोन्ही अंगांना फांद्यांसारख्या रेषा उमटतात. जिममध्ये त्याला 'झाड' म्हणत. झाड उमटलं की माणूस तयार. मग त्याला पाणी, जरासं मीठ आणि काहीतरी गोड द्यायचं, म्हणजे स्नायू टरारून फुलतात. पण झाड उमटायच्या आधी दिलं, तर तेच पाणी कातडीखाली पसरतं आणि वर्षभराचं कोरीवकाम दुपारपर्यंत पुसून जातं. स्वतःची पाठ स्वतःला नीट दिसत नाही, आणि उपाशी माणसाला आरसा वाटेल ते सांगतो. म्हणून 'तयार आहेस' हा शब्द दुसऱ्याने द्यायचा असतो. इतर जिमचे लोकसुद्धा आपले गडी आदल्या दिवशी मास्तरांकडे पाठवत. मास्तर त्यांना भिंतीकडे तोंड करून उभं करत, थोडा वेळ बघत आणि म्हणत, "पाणी आहे अजून. थांब." ते चुकल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

कौतुक मात्र ते कोणाचंच करत नसत. बाहेरच्यांना फार तर "बरं आहे". बारक्याला तेही नाही. घरच्या माणसाचं कौतुक केलं की तो बिघडतो असं त्यांचं मत होतं, आणि बारक्या बिघडू नये याची काळजी त्यांनी लहानपणापासून घेतली होती.

"आज आलात का पिक्चरमध्ये?" घरी गेल्यावर बायको विचारायची. ती शाळेत गणित शिकवायची आणि कुठलंही उत्तर पायरी पायरीने काढून घ्यायची.

"हात आले."

"किती?"

"दोन्ही."

"मग झालं की. कालच्यापेक्षा एक जास्त." तिने वह्या बाजूला सारल्या. "तुम्ही जळता त्याच्यावर."

"मी? अगं, मी त्याला उभा केलाय."

"तेच म्हणतेय मी," बायको म्हणाली आणि पुढची वही ओढली.

डिरेक्टरबाईंनी मास्तरांना पुन्हा एकदा खुर्चीवर बसवलं, नाही असं नाही. मास्तरांनी पुन्हा मिशा काळ्या केल्या. बाईंनी विचारलं, "बारक्या लहानपणी कसा होता?"

"बारीक."

"म्हणजे, स्वभावाने?"

"स्वभावानेही बारीकच. रडका होता. माझ्या मागे मागे यायचा."

"आणि त्याच्यात काहीतरी आहे हे तुम्हाला कधी कळलं?"

मास्तरांनी बराच विचार केला. "हाफपँट घालायला लागला तेव्हा," ते म्हणाले.

बाईंना हे उत्तर समजलं नाही, पण त्यांनी "सुंदर" म्हटलं. त्या कशालाही सुंदर म्हणत. मास्तरांना एकदा वाटलं की आपण आता आपल्या दुसऱ्या नंबराचा विषय काढावा. तेवढ्यात बाहेर बारक्या कशावर तरी हसला, आणि बाई मान वळवून म्हणाल्या, "हा हसला ना, की फ्रेम भरून जाते."

बारक्याच्या स्पर्धेआधीच्या शेवटच्या आठवड्यात तो दादा-वहिनीकडेच राहायला आला, कारण त्याचं खाणं मास्तर स्वतः शिजवत. बिनमिठाची कोंबडी, बिनमिठाचा भात. अंगणात कॅमेरा लागलेला होता आणि बारक्या त्याच्यापुढे बसून आपल्या भुकेबद्दल बोलत होता. बोलत होता तेही इतकं साधं, की कोणालाही त्याला उचलून जेवू घालावंसं वाटावं. स्वयंपाकघरात कोंबडी उकळत होती. मास्तरांनी खिडकीतून बाहेर पाहिलं, नंतर खाली पाहिलं, तर आपला हात मिठाच्या डब्यावर आहे. तो तिथे कधी गेला हे त्यांना सांगता आलं नसतं. कोंबडीत चमचाभर मीठ म्हणजे कोणाला कळणारही नव्हतं. बारक्याच्या जिभेला कळलं असतं, पण दादाने दिलेलं तो निमूट गिळायचा.

मास्तरांनी डबा उचलला, कपाटात ठेवला, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली बायकोच्या हातात दिली.

"ही ठेव. मी मागितली तरी देऊ नको."

"कशाची आहे?"

"मिठाची."

बायकोने किल्लीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "आणि मी भाजीत काय घालू?"

"स्पर्धा होईपर्यंत नको घालू."

"म्हणजे आता सगळ्या घराने स्पर्धेत उतरायचं," ती म्हणाली. पण किल्ली तिने पर्समध्ये टाकली आणि ती पर्स शाळेतही बरोबर नेली.

मास्तरांना हलकं वाटलं. आपण काय करू शकतो हे त्यांनी पाहिलं होतं आणि त्याचा बंदोबस्त केला होता. आता बारक्या हरला असता तर स्वतःच्या कर्माने, आणि जिंकला असता तर मास्तरांमुळे. इतकी निर्धास्त झोप त्यांना बऱ्याच दिवसांत लागली नव्हती.

स्पर्धेच्या सकाळी नाट्यगृहामागच्या खोलीत जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरली होती आणि त्यांच्यावर बारक्या उभा होता. तपकिरी रंगाचे थर अंगावर वाळले होते, ओठ पांढरे पडले होते. कालपासून त्याच्या पोटात घोटभरही पाणी नव्हतं. कॅमेरामनने कोपऱ्यात दिवा लावला होता. बाकी खेळाडू शेजारच्या खोल्यांमध्ये रबराचे पट्टे ओढत होते आणि एकमेकांकडे बघायचं नाही असं ठरवून एकमेकांकडे बघत होते. डिरेक्टरबाई भिंतीला चिकटून उभ्या होत्या. या खेपेला मास्तरांचं काय येतंय याबद्दल कोणी काही बोललं नाही.

"बघ दादा," बारक्या म्हणाला आणि भिंतीकडे वळला. त्याने मुठी कंबरेवर ठेवल्या, कोपरं पुढे आणली, पाठ उघडली.

मास्तरांनी आजवर ही पाठ हजार वेळा पाहिली होती. तिच्यातली कमी त्यांना तोंडपाठ होती: डावा खांदा किंचित खाली, मधली खाच उथळ, कंबरेवर पाणी. ते तीच शोधायला पुढे झाले. पाठ वरून उलगडत खाली आली, आणि मास्तरांच्या छातीत काहीतरी कढत पसरलं. एवढी पाठ. ही पाठ आपली असती. आपल्या खांद्यांखाली ही पाठ आणि तिच्याखाली या पोटऱ्या असत्या, तर त्या वर्षी कोण दुसरा आला असता? नजर खांद्यावर गेली, खांदा सरळ होता. खाचेत गेली, खाच खोल होती. कंबरेवर आली, तर तिथे प्रत्येक फांदी वेगळी, पार टोकापर्यंत. कमी म्हणून कुठे नव्हतीच. देवाने सगळं काही एकाच माणसाला दिलं होतं आणि ते बघायला भावाला समोर उभं केलं होतं.

"तयार आहेस," मास्तर म्हणाले. आवाज त्यांच्या ओळखीचा नव्हता.

बारक्या लगेच वळला नाही. "काय म्हणालास?"

"तयार आहेस म्हटलं. पाणी पी."

बारक्याने मान वळवून मागच्या भिंतीवरच्या आरशात स्वतःची पाठ पाहिली. मग दादाकडे पाहिलं. मग खाली वाकून बाटली उचलली आणि ती तोंडाला लावली.

स्टेजवर पाचजण अखेरच्या रांगेत उभे राहिले आणि पाठ दाखवा असा हुकूम झाला, तेव्हा मास्तर प्रेक्षकांत मधल्या रांगेत बसले होते. वरून पांढरा उजेड पडत होता. चार पाठींवर चार झाडं होती. पाचवीवर, कंबरेच्या वर, नुकत्याच लिंपलेल्या भिंतीसारखी सपाटी होती. मास्तरांनी डोळे चोळले. शेजारचा अनोळखी माणूस आपल्या बायकोला म्हणाला, "तो शेवटचा बघ, घाई केली त्याने. पाणी आहे." त्या माणसाला यातलं काही कळत असेल असं त्याच्याकडे बघून वाटत नव्हतं.

बारक्या पाचवा आला.

तो दादाला काहीच बोलला नाही. घरी आला, जेवला, झोपला, उठून पुन्हा जेवला. जिममधले लोक मात्र बोलले, आणि तळघरात बोललेलं तळघरातच फिरतं. कपडे बदलायच्या खोलीत दाराआड मास्तरांनी स्वतः ऐकलं.

"मुद्दाम केलं रे मास्तरने."

"सख्ख्या भावाला?"

"मग? मास्तरला दिसलं नसेल होय? लांबून वेफर्स ओळखतो तो माणूस."

मास्तरांना आधी संताप आला. आत जाऊन एकेकाची कॉलर धरावी असं वाटलं. पण हात दारावर ठेवून ते थांबले. कारण आत जाऊन सांगायचं काय? की मुद्दाम केलं नाही, मला खरंच तसं दिसलं? म्हणजे मग नजर गेली. मुद्दाम केलं म्हणणारे निदान नजर तरी शाबूत ठेवत होते. मास्तर दबक्या पावलांनी परत फिरले. त्या आठवड्यात दोन जिमच्या लोकांनी आपले गडी त्यांच्याकडे पाठवले, आणि ते गडी पूर्वीपेक्षा जास्त अदबीने भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. एका शब्दात माणूस आडवा करणाऱ्याला लोक दबकूनच असतात. मास्तरांची या बदनामीशी हळूहळू बरी गट्टी जमली.

"मुद्दाम केलंत?" बायकोने एकदा विचारलं.

"तुला काय वाटतं?"

"किल्ली माझ्याकडे होती," ती म्हणाली. "मला काय वाटायचं ते वाटून झालंय."

माहितीपट पुरा व्हायला बरेच महिने गेले. एका छोट्या सभागृहात त्याचा पहिला खेळ झाला, तेव्हा मास्तर, बायको आणि बारक्या एका रांगेत बसले. बारक्याने दोन खुर्च्यांमधला टेकायचा हात वर करून ठेवला होता, त्याशिवाय तो मावत नव्हता. पडद्यावर तळघर आलं, बाक आला, बार आला. बारखाली दोन हात आले. बायकोने मास्तरांना कोपराने ढोसलं. पुढे अर्धी ट्रॅकपँट येऊन गेली, एका ठिकाणी पोट आलं. मुलाखतीतलं हाफपँटचं वाक्य आलं आणि सभागृह खळखळून हसलं. ते विनोदासाठी म्हटलेलं नव्हतं.

मग वर्तमानपत्रं अंथरलेली खोली आली. बारक्याने पाठ उघडली, कॅमेरा क्षणभर तिच्यावर थांबला आणि वळला. मास्तरांचा चेहरा आख्ख्या पडद्यावर आला.

इतके महिने ज्याची वाट पाहिली, ते हे. एवढा मोठा चेहरा मास्तरांनी स्वतःचाही कधी पाहिला नव्हता. मिशांच्या मुळाशी पांढरं दिसत होतं. तोंड किंचित उघडं होतं, डोळे भरून आले होते, आणि त्या डोळ्यांत जे होतं ते मास्तरांनी ताबडतोब ओळखलं. त्यांना खुर्चीखाली जावंसं वाटलं. पडद्यावरचे मास्तर म्हणाले, "तयार आहेस."

"किती जीव आहे बघ ना भावावर," मागच्या रांगेतली एक बाई कुजबुजली आणि तिने नाक ओढलं.

पुढचं चित्र स्पर्धेनंतरचं होतं. बारक्या अंगावर टॉवेल घेऊन एका लोखंडी पेटीवर बसला होता, रंगाचे ओघळ छातीवर आले होते. डिरेक्टरबाईंचा नुसता आवाज ऐकू आला. "मास्तर चुकले का?"

"चुकले ना," पडद्यावरचा बारक्या म्हणाला. "पाणी होतं कंबरेवर. मला आरशात दिसत होतं."

"मग प्यायलास का?"

बारक्याने टॉवेलने मान पुसली. "बाई, दादा मला जन्मात कधी बरासुद्धा म्हणालेला नाही. आज म्हणाला, तयार आहेस." तो हसला, आणि फ्रेम भरून गेली. "आता त्याला काय सांगू? नीट बघ म्हणून?"

सभागृहात काही लोक हसले आणि मग त्यांना हसू नये असं वाटून ते गप्प झाले. मास्तरांनी शेजारी पाहिलं नाही. शेजारून बारक्याच्या श्वासाचा आवाज येत होता; इतक्या मोठ्या छातीतून तो कितीही हळू घेतला तरी ऐकू येतोच.

खेळ संपल्यावर लोकांनी बारक्याशी हात मिळवले, आणि बऱ्याच जणांनी मास्तरांशीही. डिरेक्टरबाई म्हणाल्या, तुमचा तो चेहरा म्हणजे आख्खी फिल्म आहे. कॅमेरामनने मान हलवली. बायको डिरेक्टरबाईंशी बोलत मागे राहिली, आणि दोघे भाऊ बाहेरच्या पायऱ्यांवर येऊन उभे राहिले. बारक्या खालच्या पायरीवर उभा होता, तरी डोकं दादाच्या बरोबरीला.

"दादा, एक विचारू?"

"विचार."

"जिममध्ये लोक काय म्हणतात ते तुझ्या कानावर आलंय ना?"

"आलंय."

"मी त्यांना काही बोललो नाही. पण मला तू सांग." बारक्या समोरच्या रस्त्याकडे बघत होता. "तुला त्या दिवशी खरंच तयार दिसलो होतो? का लोक म्हणतात तसं?"

मास्तरांनी खिशात हात घातले. रस्त्यावर एक माणूस दुकानाचं शटर ओढत होता आणि ते मध्येच अडकलं होतं. लोक म्हणतात तसं, एवढे तीन शब्द बोलले असते तर नजर राहिली असती. ती राहिली असती, जिम राहिली असती, भिंतीकडे तोंड करून उभे राहणारे अदबीचे गडी राहिले असते. बारक्याने तेही निमूट गिळलं असतं.

"दिसला होतास," मास्तर म्हणाले.

"खरंच?"

"कमी म्हणून कुठे दिसली नाही. आईशप्पथ."

बारक्याचे खांदे वर आले, छाती भरत गेली, आणि शर्टाचं वरचं बटण ताणलं. पाचव्या नंबराच्या पदकाच्या वेळी तो असा उभा राहिला नव्हता.

"पण पुढच्या वेळी पाठ दुसऱ्या कोणाला तरी दाखव," मास्तर म्हणाले.

"का?"

"तुझ्या पाठीपुढे माझं चालत नाही."

"चालेल."

"चालत नाही म्हणतोय ना. पुन्हा पाचवा येशील."

"येईन," बारक्या म्हणाला. "बघायचं तूच."

एवढं बोलून तो पायऱ्या उतरू लागला. मास्तर वरच उभे राहिले. स्पर्धा होऊन महिने लोटले होते, बारक्याने पोटभर खाल्लं होतं, कंबर सुटली होती, आणि शर्टाखालची पाठ म्हणजे नुसती गोणी झाली होती. तळघरातल्या कालच्या पोरानेही तिच्यातले दहा दोष काढले असते. मास्तरांनी डोळे बारीक केले आणि एक तरी सापडतोय का ते शोधू लागले. बारक्या रस्त्याच्या कडेला पोचला तरी ते शोधतच होते.